तुम्ही विचारलंत म्हणून : जंतू तोच, मग जुलाब थांबत का नाहीत?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मलाचे नमुने तपासणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे एक प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईकही विचारतात आणि नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञही. दूषित पाण्यातून एकच जंतू अनेकांच्या पोटात गेला, बाकीचे आठ-पंधरा दिवसांत बरे झाले, मग एचआयव्ही असलेल्या माणसाचेच जुलाब महिनोन्‌महिने का चालतात, आणि त्याला एखादे जालीम औषध का देत नाहीत?

याचे उत्तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवरून सर्वांत नीट समजते. अ‍ॅसिड-फास्ट या खास रंगाच्या पद्धतीने रंगवलेल्या काचेवर तो निळसर पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपक्यांसारखा दिसतो. हे ठिपके ४ ते ६ मायक्रॉनचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान असतात. त्यांचे कवच क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो पसरला, तेव्हा सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज होता. निरोगी माणसे सहसा आपोआप बरी होतात; ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते त्यांच्या जिवावर बेतते.

हा परजीवी आतड्याच्या अस्तरातील पेशीच्या अगदी वरच्या कडेला, तिच्याच पडद्याखाली दडून बसतो. तिथे प्रतिपिंडांची मात्रा फारशी चालत नाही. रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असूनही जुलाब चालूच असलेले रुग्ण आढळतात, ते याचमुळे. खरे काम सीडी-४ पेशींचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचे असते. त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक रसायन स्रवतात आणि त्या इशाऱ्यावर अस्तरातील पेशी स्वतःच आतल्या परजीवीचा निकाल लावू लागतात. याउलट जिआर्डिया हा दुसरा परजीवी आतड्याच्या पोकळीत, पेशींच्या बाहेर राहतो, आणि एचआयव्ही असलेल्या माणसातही तो बहुधा नेहमीच्या औषधांनी आटोक्यात येतो.

आता एचआयव्ही नेमका कुठे घाव घालतो ते पाहू. शरीरातील लिम्फोसाइट पेशींपैकी (सीडी-४ पेशी यांच्यातल्याच) जेमतेम २ टक्के रक्तात फिरत असतात. फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात आणि त्याला लागून असलेल्या ऊतींमध्ये असतो. विषाणूला आत शिरण्यासाठी पेशीवरचा जो सीसीआर-५ ग्राहक (रिसेप्टर) लागतो, तो बाळगणाऱ्या सीडी-४ पेशी तिथेच विपुल असतात. त्यामुळे लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, रक्तातला सीडी-४ पेशींचा आकडा अजून बरा दिसत असताना, आतड्यातील या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. त्यांत टीएच-१७ नावाच्या पेशीही जातात, ज्या इंटरल्यूकिन-१७ आणि २२ या संदेशवाहक रसायनांच्या साहाय्याने अस्तराची वीण घट्ट ठेवतात. वीण सैल झाली की आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते. चेतलेली सीडी-४ पेशी विषाणूला अधिकच सहज बळी पडते, म्हणून हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत जाते.

इतके नुकसान सुरुवातीलाच होत असेल तर आजार वर्षानुवर्षे लांबतो कसा, ही शंका रास्त आहे. उरलेल्या पेशी आणि नव्याने येणारी कुमक बराच काळ किल्ला लढवतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे जुलाब हटेनासे होतात ते साधारणपणे रक्तातील सीडी-४ दर घनमिलिमीटरला १०० च्या खाली गेल्यावर, आणि सायटोमेगॅलो विषाणूमुळे मोठ्या आतड्यात व्रण होतात ते बहुधा ५० च्या खाली.

म्हणून जालीम औषधाची अपेक्षा इथे फसते. नायटाझॉक्सानाइड हे या परजीवीवरचे औषध निरोगी माणसात उपयोगी पडते, पण सीडी-४ फार खाली गेलेल्या रुग्णात त्याचा भरवसा नाही, कारण अशी औषधे शरीराच्या स्वतःच्या लढाईला हातभार लावतात, तिची जागा घेत नाहीत. जुलाब थांबतात ते एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारे औषधोपचार, सुरू होऊन पेशी पुन्हा वाढू लागल्यावर. सिस्टोआयसोस्पोरा हा आणखी एक परजीवी मात्र कोट्रायमॉक्सॅझोलला चांगला प्रतिसाद देतो, तरी सीडी-४ वर येईपर्यंत ते औषध चालू ठेवावे लागते, नाहीतर तो परततो. जंतू कोणता हे ओळखणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते, आणि याबाबत माझी एक जुनी कुरकुर आहे : तपासणीच्या कागदावर नुसते ‘मलतपासणी’ लिहिले आणि खास रंगाची मागणी केली नाही, तर क्रिप्टोस्पोरिडियम काचेवर असूनही सहज निसटतो.

पोट ठिकाणावर येईपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या बंद ठेवाव्यात का, असे पुष्कळजण पुढे विचारतात. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. एखाद्या गोळीनेच पोट बिघडत असेल, तर तिच्याऐवजी दुसरी देता येते का ते डॉक्टर ठरवतील. रक्तातला आकडा वाढू लागला तरी आतड्याचे अस्तर त्यामानाने सावकाश आणि बऱ्याचदा अपुरेच भरून निघते, म्हणून उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. तोवर क्षार-संजीवनी देऊन शरीरातील पाणी टिकवणे आणि घटणाऱ्या वजनावर लक्ष ठेवणे हे काम घरच्यांनाच करावे लागते.