पुरात बुडालेली स्ट्रॅट कॉपी : आत्तापर्यंत कुठवर आलं

जून

शेवटी मामांची गिटार माळ्यावरून खाली काढली. ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही गावभागातल्या तळमजल्यावर दाराआड रेक्झिनच्या कव्हरात उभी होती, आणि माणसं जीव घेऊन बाहेर पडत होती तिथं गिटारीकडं कोण बघतंय. पाच दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर मामीने नळीखाली धुतली आणि गच्चीवर कडक उन्हात टाकली (नको होतं टाकायला, पण शेजारी गाद्या नि शाळेची पुस्तकंपण तशीच वाळत होती), मग कव्हरसकट माळ्यावर. सहा वर्षं.

जपानी बनावटीची स्ट्रॅटची (म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर या इलेक्ट्रिक गिटारीची) कॉपी आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबक नि बारीक तारेची गुंडाळी), बोल्टवाला नेक (गिटारीची मान), पांढरा रंग आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. मामांनी १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात दहाएक वर्षं वाजवली. हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या टोकावरचं) नाव पुराने नेलं.

पिकगार्ड (पुढचं प्लॅस्टिकचं झाकण) उघडलं तर आत गाळ. वाळून चॉकलेटच्या वडीसारखा बसलेला, रूटिंगच्या (पिकअप नि वायरिंगसाठी बॉडीत कोरलेल्या खड्ड्याच्या) आकाराची वडी सबंध निघाली. स्क्रू २३ पैकी ९ तुटले, म्हणजे डोकं हातात आणि बाकीचा आत. माझी पहिली चूक इथंच, घाई. नंतरचे स्क्रू सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर धरून गरम केले आणि थोडं गार झाल्यावर फिरवले, एकही तुटला नाही. हे आधी सुचलं असतं तर.

बॉडी प्लायची निघाली. आता काही जण नाक मुरडतील, मुरडा. पॉलीचा (प्लॅस्टिकसारख्या जाड थराचा) रंग जाड असल्यामुळे वरून पाणी शिरलंच नाही, शिरलं ते रूटिंगमधून आणि स्क्रूच्या भोकांतून, म्हणून जॅकच्या बाजूला खालच्या कडेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. जनावरांच्या डॉक्टरांकडून जाड सुई आणली, मरीन फेविकॉल थोडं पातळ करून थरांत भरलं (मरीनच घेतलं, पुढच्या पुराची सोय) आणि सायकलची जुनी ट्यूब लांब पट्ट्या कापून बॉडीभोवती करकचून गुंडाळली. शिकंजे पण होते, पण स्ट्रॅटच्या गोल कडेवर शिकंजा सरकतो, ट्यूब सगळीकडून सारखी आवळते. दोन दिवसांनी सोडली. एक थर अजून बोटाला जाणवतो, राहू दे.

स्क्रूची सैल झालेली भोकं उदबत्तीच्या काड्यांनी भरली. मसाला जळून गेलेली बांबूची काडी, फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायची, कापायची, झालं. घरात रोज दोन तयार होतात.

जुलै

नेक. मंडळी, रंगाच्या आधी नेक बघा हो. मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं की कुठला रंग मारू, आणि नेक सरळ आहे का विचारलं की गप्प. नेक गेलेला असेल तर रंगवून भिंतीवर लावायची वस्तू होते.

याचा नेक पुढं वाकलेला, तारा नसताना. स्टीलची पट्टी फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवली तर मध्ये सव्वा मिलिमीटर फट. ट्रस रॉडचा (नेकच्या आत असते ती वाक काढायची सळई) नट गंजून घट्ट. चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेलाचे दोन थेंब, मग ॲलन की लावली, पाव फेरा, आणि आतून खाट्कन आवाज. मी तिथंच खाली बसलो. रॉड तुटला की सुटला हे त्या आवाजावरून कळत नाही. सुटला होता. दिवसाला पावच फेरा, रात्रभर लाकडाला वेळ द्यायचा, असं करत पाच दिवसांत सव्वा फेरा. तारा चढवल्यावर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटची फ्रेट दाबली आणि सातव्यापाशी फट मोजली, ०.३ मिलिमीटर. ही फट मोजायला मोटारसायकलच्या गॅरेजमधला टॅपेट सेट करायचा फिलर गेज वापरतो मी, तुम्ही पण तोच घ्या, गिटारच्या नावाने विकतात तो काही वेगळा नसतो.

फ्रेट निकेल सिल्व्हरच्या, म्हणजे तांबं, निकेल नि जस्त, त्यात चांदीही नाही नि लोखंडही नाही, त्यामुळे गंज नाही, पण पितळेच्या भांड्यासारख्या हिरव्या कळकलेल्या. फिंगरबोर्डला मास्किंग टेप लावून बारीक स्टीलवूलने घासल्या. पिकअप जवळपास असतील तर स्टीलवूल उघडूपण नका, त्याचे बारीक कण चुंबकाला चिकटले की जन्मभर निघत नाहीत.

ऑगस्ट

तीन पिकअपपैकी दोन मेलेले. मल्टिमीटरवर मधला ५.९ किलोओम दाखवतोय, ब्रिजचा (खाली तारा अडकवतात त्या बाजूचा) आणि नेकचा काहीच नाही. म्हणजे आत कुठंतरी तार खाल्ली गेलीय. नवीन पिकअप सेट मिळतो, महागही नाही, पण मला हट्ट होता की आवाज याच चुंबकांचा हवा. (खरं सांगायचं तर रिवाइंडिंग, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळणं, करून बघायची खाज होती, मामा निमित्त.)

आमच्याकडं पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे गल्लोगल्ली. एकाकडं गेलो, म्हटलं ४६ गेजची तार द्या. तो म्हणाला, "केस हवेत का तार?" त्याच्याकडं एवढी बारीक कधी लागतच नाही. पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीत मिळाली, ४६ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश मोजणी), म्हणजे ०.०६ मिलिमीटर, पिकअपला वापरतात त्या अमेरिकन मोजणीतल्या ४२ च्या अगदी जवळ. तिथंच पॉट (आवाज नि टोनच्या बटणांखालचे) घेतले, आणि बाहेरून मागवायच्या ऐवजी तिथं घेतले ते बरं झालं कारण जपानी पिकगार्डची भोकं मेट्रिक पॉटच्या मापाची, आपल्याकडचे सरळ बसले, अमेरिकन मापाचे असते तर भोकं मोठी करावी लागली असती.

वाइंडर असा : जुना ड्रिल कमी स्पीडवर, त्याच्या तोंडाला लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर बॉबिन दोन बाजूंच्या टेपने. फेरे मोजायला साधा कॅलक्युलेटर, त्याच्या '=' च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) जोडला आणि ठोकळ्यावर छोटं चुंबक. १ अधिक १ दाबून ठेवायचं, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने वाढतो. ड्रिल फार पळवला तर कॅलक्युलेटर फेरे गाळतो.

पहिल्यांदा २३०० फेऱ्यांवर तार तुटली. दुसऱ्यांदा ५१०० वर, आणि त्यावेळी घरात कोणी माझ्याशी बोललं नाही हे बरं झालं. तिसऱ्यांदा पंखा बंद, दार बंद, बोटांत नमद्याचा तुकडा, ७६०० फेरे पूर्ण. जवळजवळ एक किलोमीटर तार एका आगपेटीएवढ्या बॉबिनवर! मोजलं तर ५.८. मग मेण, पॅराफिन चार भाग नि मधमाशीचं एक भाग, पातेल्यात पातेलं ठेवून ६५ डिग्रीच्या आत. बॉबिन प्लॅस्टिकचं आहे, मेण उकळलं तर बॉबिनच वितळेल. मेण कशाला तर फेरे आत थरथरले की मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो.

दोन्ही झाले, जोडले, एकेकटे मस्त. स्विच ब्रिज आणि मधला एकत्र लागतात त्या खाचेत टाकला, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खर्ज गायब. फेज उलटी, म्हणजे दोघं एकमेकांचा आवाज खोडतायत. ब्रिजचं चुंबक कुठल्या तोंडाने बसलंय ते मी वाइंडिंगआधी मधल्याशी ताडूनच बघितलं नव्हतं. नशिबाने उघडायची गरज नाही, त्या एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की जमतं.

हम (सतत घुमणारा आवाज) मात्र होता. कॅव्हिटीला, म्हणजे त्या कोरलेल्या खड्ड्याला, कॉपर टेप लावला, ब्रिजखालची अर्थची वायर गंजून गळून पडलेली ती नवीन सोल्डर केली, तरी गूं. दोन रात्री गिटारीत शोधला आणि चूक निघाली घरात, त्या खोलीतल्या थ्री पिनला अर्थिंगच नव्हतं. तारांना हात लावून वाजवायचं वाद्य आहे, सॉकेट आधी तपासा.

सप्टेंबर

पावसात रंगाचं मनावर घेतलं होतं. फळीच्या तुकड्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारून बघितलं तर हवेतल्या ओलीने दुधासारखं पांढरं पडलं. मग विचार केला की मूळचा पॉली नव्वद टक्के शाबूत आहे, कशाला खरवडायचा. फक्त वॉटरपेपर १५०० नि २०००, मग पॉलिश. पिवळेपणा राहिला, खालच्या कडेचा तपकिरी डागपण. रंगाचं प्रकरण बंद.

ऑक्टोबर

नट (नेकच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांत बसतात तो, ट्रस रॉडचा नव्हे) प्लॅस्टिकचा होता, काढताना दोन तुकडे. हाडाचा हवा होता आणि हाड घ्यायला मिरजेपेक्षा बरी जागा कुठली. १० किलोमीटरवर सतारमेकर गल्ली, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तीच. ओळखीतले एक चाचा आहेत, त्यांनी घोडीतून (सतारीच्या तारा ज्यावर टेकतात ती) उरलेली हाडाची पट्टी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "झाल्यावर दाखवायला आणा."

४२ मिलिमीटर कापला, खाचा वेल्डिंगच्या नोझल क्लिनरने पाडल्या. लावला. तिसरी, म्हणजे G ची तार मोकळी वाजवली की झंकारतीय, फ्रेटवर दाबली की स्वच्छ. फ्रेट तपासल्या, ट्रस रॉड तपासला, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी उचलून मिरजेला नेली.

चाचांनी तार एकदा छेडली. लगेच हसले. "अहो, तुम्ही जवारी काढलीय की. आम्ही याच आवाजासाठी दिवस दिवस घासतो."

खाच सपाट झाली होती. तार खाचेच्या पुढच्या कडेवरून, फ्रेटकडच्या बाजूने, स्वच्छ सुटायला हवी, माझ्या खाचेत ती सपाटीला घासत सुटत होती. सतारीची घोडी मुद्दाम तशी किंचित गोलसर सपाट घासतात की तार थरथरताना पृष्ठभागाला हलकीच लागत राहावी, त्यातून तो झंकार. माझ्याकडं चुकून झालं. त्यांनी बारीक कानस घेतली, मागच्या बाजूला चार हात फिरवून उतार दिला, तार परत खाचेत. गेला झंकार. मिनिटभराचं काम. निघताना म्हणाले की तो आवाज वाईट नव्हता, विचार करा.

नोव्हेंबर

इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं) केलं, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथंच नुसतं बोट टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा आला की सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं, उतरता आला की पुढं. तारा ९-४२ (सर्वांत बारीक नि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). बाराव्या फ्रेटवर उंची बारीक बाजूला १.६, जाड बाजूला २ मिलिमीटर. लोण्यासारखी वाजते, माझ्या नव्या गिटारीपेक्षा चांगली, हे लिहिताना जरा त्रास होतोय.

रविवारी मामांकडं नेली. मामी बघून म्हणाल्या, "अगं बाई, ही अजून आहे?" मामांनी पट्टा गळ्यात घातला, प्लग करायच्या आधीच डाव्या हाताने तारा दाबून बघितल्या आणि तोंड वाकडं केलं.

"एवढ्या खाली तारा? ह्या काय तारा आहेत का दोरा? ऑर्केस्ट्रात जोरात मारलं की फ्रेटला बडवणार. वर घे."

म्हटलं, "मामा, आता सगळे अशीच ठेवतात."

"सगळ्यांना दे मग."

तर आता १०-४६ चढवायच्या आहेत, ताण वाढणार म्हणजे ट्रस रॉडला परत हात लावावा लागेल, नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील, आणि त्या मी स्वतः करणार नाही, मिरजेला नेणार. ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) पाच स्प्रिंगांपैकी दोन गंजल्यात, कोणाकडं जुन्या पडून असतील तर सांगा.