राणीचे पान

राणी गेल्या चवथीच्या पाचव्या दिवशी माझ्या दवाखान्यात आली. पाच वर्षांची गावठी कुत्री, वजन 21 किलो, पोट ढोलासारखे. मालक मये गावचे, ट्रकवाले. "फटाक्यांना घाबरून जेवत नाही," म्हणाले. चार दिवस तेच समजत होते. "पाणी मात्र बादलीभर पिते." तिथेच माझ्या पोटात गोळा आला. "माजावर कधी होती?" त्यांनी बोटे मोजली. जुलैत.

पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. माज ओसरल्यावर चार ते आठ आठवड्यांत बहुधा हा दगा देतो. गर्भाशयाचे तोंड उघडे असले तर पू बाहेर दिसतो आणि मालक धावत येतो. बंद असले तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त तहान वाढते. राणीचे बंद होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या नळ्याच नळ्या दिसल्या. रक्तात पांढऱ्या पेशी चढलेल्या, मूत्रपिंडांचा त्रास दाखवणारे क्रिएटिनिनही वर.

"बाय, कितलो खर्च येतलो?"

तपासण्या, ऑपरेशन, तीन दिवस सलाईन मिळून 19 हजार. आकडा सांगताना मी नेहमी टेबलाकडे बघते, तेव्हाही बघितले. ते म्हणाले, "जूनमध्ये तुम्ही सहा सांगितलेले."

गावातल्या रेबीजच्या शिबिरात मीच बसले होते! नसबंदीला किती लागतात, असे कोणीतरी विचारले होते खरे. मी म्हटले होते, पाच-सहा हजार, चवथीनंतर आणा, चालेल. नसबंदीत गर्भाशयच काढतो; तेव्हाच केली असती तर हा पू झालाच नसता. पुढे रांग होती. शिवाय पैशांचा आग्रह धरायला मला जड जाते. फोन नंबरही दिला नव्हता. या चार दिवसांत त्यांनी सरकारी दवाखाना गाठला तर सुट्टी. एका खाजगी ठिकाणी आधी अनामत मागितली, दुसऱ्याचा फोन बंद. सणाला फोन बंद ठेवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. निदान दारावर दुसऱ्या कोणाचा नंबर तरी चिकटवावा. शेवटी माझा पत्ता त्यांना मेडिकलवाल्याने दिला.

संध्याकाळी सातला टेबलावर घेतली. निरोगी कुत्रीचे गर्भाशय पेन्सिलीएवढे असते, हे मनगटाएवढे. भिंत भिजल्या पापडासारखी झालेली. घाईने ओढले की फुटते आणि सगळा पू पोटात. म्हणून चीर लांब घेतली, गर्भाशयाची दोन्ही शिंगे, म्हणजे त्याचे दोन फाटे, ओल्या कपड्यावर अलगद काढून ठेवली आणि मगच ओव्हरीचे बंध बांधले. डाव्या बाजूची गाठ घट्ट करत असताना वीज गेली. मदतनिसाने मोबाईलचा टॉर्च धरला. त्याचा हात हलला नाही. मला त्याचा फार अभिमान आहे. ट्रेमधले गर्भाशय आम्ही तोलले तर 1 किलो 600 ग्रॅम.

दोन दिवस लघवीचे थेंब मोजले. तिसऱ्या दिवशी तिने पेज चाटली.

राणी जगली, तरी जूनमधले ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. टाके काढायला ते आले तेव्हा हातात ट्रकाची वही होती. पासिंग, इन्शुरन्स, ऑइल, टायर, एकेक पान. नवे पान उघडून म्हणाले, "हिचेही सांगा, वर्षाला काय काय लागते."

मी सांगत गेले: रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्हो या रोगांच्या लसीचा बूस्टर, दर तीन महिन्यांनी जंताचे औषध, पावसात गोचिडांची गोळी. ते आकडे मांडत गेले. माझा नंबर त्यांनी पानाच्या डोक्यावर लिहिला. शेवटच्या ओळीत 'अचानक' लिहून पेन थांबवले आणि माझ्याकडे बघितले.

मला आकडा सुचेना. 19 सांगू की 40?

"राहू दे," म्हणाले. "एका टायराचे पैसे बाजूला ठेवतो."

त्यांनी किती लिहिले ते मला दिसले नाही. राणी तेवढ्यात टेबलावरून उडी मारून दाराकडे पळाली होती.