स्वस्तातली टेलिझूम: ३०० च्या आकड्याला भुलू नका

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सचे १८-५५ मिमी अपुरे पडायला लागले की बहुतेकांचा टेलिझूमचा, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या झूम लेन्सचा, शोध ३०० मिमीपासून सुरू होतो, आणि तिथेच पैसे नको त्या गोष्टीवर खर्च होतात. २५० मिमीपेक्षा ३०० मिमीला समोरची वस्तू फक्त २० टक्के मोठी दिसते. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा क्रॉप केला, म्हणजे कडा कापल्या, तरी १६ मेगापिक्सेलहून जास्त उरतात. हात हलून पुसट झालेला फोटो मात्र नंतर काही केल्या धड होत नाही. म्हणून बजेट बेताचं असेल तर आधी स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बघा, मग ऑटोफोकसची मोटर, मग शार्पनेस. फोकल लेन्थ, म्हणजे हा मिमीचा आकडा, सगळ्यात शेवटी.

हातात कॅमेरा धरून काढायचं तर शटर स्पीड निदान १/(फोकल लेन्थ गुणिले क्रॉप फॅक्टर) सेकंद इतका हवा. क्रॉप फॅक्टर म्हणजे मोठ्या फुल-फ्रेम सेन्सरपेक्षा तुमचा सेन्सर किती पट लहान. कॅननच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीचा क्रॉप फॅक्टर १.६, निकॉनचा १.५. म्हणजे कॅननवर २५० मिमीला १/४०० सेकंद. ढगाळ संध्याकाळी एफ/५.६ वर (हे अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एवढा स्पीड गाठायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, सहज ३२०० वर जातो, आणि ती वाढली की फोटोत दाणे येतात. स्टॅबिलायझेशन असेल तर १/१०० ला काम भागतं आणि तोच आयएसओ ८०० वर येतो. अर्थात ते फक्त तुमचा हात सावरतं. उडत्या बगळ्यासाठी १/१००० च्या आसपास लागणारच, तिथे त्याचा उपयोग नाही.

कॅननवाल्यांसाठी निवड सोपी आहे: ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम, २०१३ सालची (आयएस म्हणजे स्टॅबिलायझेशन, एसटीएम ही फोकसची शांत मोटर). वजन ३७५ ग्रॅम, फिल्टर ५८ मिमीचा, ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होते. नावातलं ‘एसटीएम’ नीट वाचून घ्या. आधीच्या ५५-२५० मध्ये फोकस होताना पुढची काच फिरते, त्यामुळे पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावून जुळवलेला कोन दर वेळी बिघडतो; शिवाय मोटर आवाज करते. दोन लेन्सच्या किटमध्ये बऱ्याचदा मिळणारी ७५-३०० मात्र टाळाच. स्टॅबिलायझेशन नाही, ३०० मिमीला एफ/५.६ वर चित्र मऊ येतं, आणि एफ/८ वर जावं तर शटर स्पीड अर्धा होतो. फुल-फ्रेम डीएसएलआर घ्यायचा विचार असेल तर एवढं ध्यानात असू द्या, की ईएफ-एस लेन्स त्यावर बसतच नाही.

निकॉनमध्ये जरा गुंता आहे. एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ दोन प्रकारांत येते, एक व्हीआरसह (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) आणि एक व्हीआरशिवाय. दिसायला जवळपास सारख्याच, तेव्हा लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरं शोधा. लेन्सवर व्हीआरचं बटणही नाही, ते कॅमेऱ्याच्या मेन्यूतून चालू-बंद होतं. डी८०, डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ही लेन्स चालत नाही. तिथे एएफ-एस ५५-३०० व्हीआर घ्यावी, फोकस जरा संथ असला तरी. उलट डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटरच नसते. त्यावर नुसती ‘एएफ’ लिहिलेली, स्वतःची मोटर नसलेली जुनी ७०-३०० लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. स्वस्त म्हणून घेतलेली लेन्स कपाटात पडून राहते ती बहुधा याच कारणाने.

जास्त उजेड घेणारी एफ/२.८ ची झूम या बजेटात विसरा. १८-३०० सारखी एकच लेन्स प्रवासात सोयीची खरी, पण लांबच्या टोकाला तिची धार कमी पडते.

सेकंड-हँड घेणार असाल तर घाई नको. दोन्ही टोप्या काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून जरा तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर फोटोत काही फरक पडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा थर खाते, साफ केल्यावरही डाग राहू शकतो. सगळीकडे दुधी झाक असेल तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट मरतो. निकॉनच्या लेन्सला मागे अॅपर्चरची छोटी दांडी असते. ती बोटाने हलवून सोडली की पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल आलं आहे. कॅननमध्ये लेन्स बॉडीला लावून एफ/१६ ठेवा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण (ते पाती मिटवतं) दाबून समोरून बघा; इथेही पाती झटकन मिटली पाहिजेत. फिल्टरची कडा चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे असंच धरून चाला.

मग कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, आणि समोर विटांची भिंत किंवा भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्र. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. सर्वांत लांबच्या टोकाला, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढा आणि चारही कोपरे १०० टक्के मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर ते या किमतीत चालायचंच. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा पुन्हा समांतर करून आणखी एक फोटो घ्या. तोच कोपरा परत पुसट आला तर आतली काच सरकलेली आहे. एफ/८ वर हा दोष बराचसा झाकला जातो, म्हणून विकणाऱ्याने दाखवलेल्या नमुन्याच्या फोटोंचं अॅपर्चर आधी तपासा.