किती दिवसांत येतं?

दर मे महिन्यात हा प्रश्न येतो. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि आमच्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, दारात उभं राहून कुणाची तरी आई नाहीतर आजोबा विचारतात, "सर, ह्या कुंग फू किती दिवसांत येतला?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. आत मुलांचा सराव चालू होता, मला नीट बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीने लिहितो.

आधी शब्दाचं सांगतो. चिनी भाषेत कुंग फू म्हणजे मारामारी नव्हे. वेळ आणि कष्ट घालून अंगात मुरवलेलं कौशल्य, असा त्याचा अर्थ. मुरलेल्या आचाऱ्याच्या हाताबद्दलही तो शब्द वापरतात. लढण्याच्या विद्येला त्यांचा वेगळा शब्द आहे, वूशू. मला हा शब्दच पहिला धडा वाटतो, कारण त्यात वेळ आधीच धरलेला आहे.

आम्ही शिकतो ती पद्धत विंग चुन. चीनमधल्या शाओलिन या बौद्ध मठातल्या न्ग मुई नावाच्या भिक्षुणीने यिम विंग चुन या मुलीला ती शिकवली, अशी कथा आहे. वर्गातल्या मुलींना ती फार आवडते. मी सांगतो, पण दंतकथा म्हणूनच. ठाम सांगता येतं ते इप मान यांच्याबद्दल (१८९३–१९७२). हे दक्षिण चीनमधल्या फोशानचे. चीनमध्ये राज्य बदललं तेव्हा घरदार मागे टाकून हाँगकाँगला आले आणि १९५० मध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले. तेव्हा पन्नाशी उलटली होती. दिवसभर राबून आलेले कामगार संध्याकाळी त्यांच्यासमोर उभे राहत. मी गिरगावात नोकरी करताना अकरा वर्षं शिकलो तेही असंच, कामावरून सुटून, एका चाळीच्या गच्चीवर. त्यामुळे त्या कामगारांबद्दल मला फार जवळीक वाटते.

ब्रूस ली याच इप मानांकडे शिकला. तेराव्या वर्षाच्या आसपास गेला आणि १९५९ मध्ये अमेरिकेला निघाला. पूर्ण पद्धत तोवर त्याचीही शिकून झाली नव्हती. दोन महिन्यांत मुलगा तयार करा म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

मध्येच कुणीतरी म्हणतं, हे सगळं आपल्याच बोधिधर्माने, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूने, तिकडे नेलं. शाओलिन मठ ४९५ सालचा आहे, पण बोधिधर्माने भिक्षूंना व्यायाम शिकवला ही गोष्ट ज्या ग्रंथावरून पसरली तो १६२४ च्या आसपासचा. अकराशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीवर आपण अभिमान कशाला टेकवायचा? आपला मल्लखांब आहे की. तो शिकायची सोय असेल तर मुलांना जरूर पाठवा, माझीही दोन मुलं दोन्हीकडे जातात.

आता सराव. पहिला प्रकार सिउ निम ताओ. पाय जागचे हलत नाहीत. गुडघे आत वळवून, मांड्यांत बकरी धरल्यासारखं उभं राहायचं. चिनी नावातही बकरी आहेच, आणि इथल्या मुलांना ते वेगळं समजवावं लागत नाही. मग एक हात छातीसमोरून इतका सावकाश पुढे न्यायचा की बघणाऱ्याला तो थांबलाय असं वाटावं. पहिल्या आठवड्यात खांदे वर चढतात, श्वास अडकतो. सारवलेल्या जमिनीवर पावलांचे ओले ठसे उमटतात. ठसे जागच्या जागी राहिले की मी पुढची हालचाल दाखवतो.

मग ची साव, म्हणजे चिकटते हात. दोघांनी मनगटाला मनगट लावून फिरवत राहायचं आणि समोरच्याचा जोर कुठे वळतोय ते कातडीने ओळखायचं. दांडी किनाऱ्यावरच्या एका रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या, मुलाला हे बाकीच्यांच्या आधी जमलं. कसं, विचारलं तर म्हणाला, गरवताना, म्हणजे गळ टाकून बसल्यावर, मासा दोरीला लागलेला हाताला कळतो तसंच. इतकं अचूक मला अकरा वर्षांत सांगता आलं नव्हतं.

आमचा सरावाचा लाकडी पुतळा तुम्ही पाहिलात. तीन हात, एक पाय. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्या परसातला फणस उन्मळून पडला. मी लगेच सुताराकडे गेलो. तो म्हणाला, "घाय कित्याक करतास? लाकूड आधी सुकांदे. वल्या लाकडाक भोकां पाडलंय तर ता उद्या फुटतला." खोड दोन पावसाळे माळ्यावर पडून होतं. नंतर चौकोनी भोकं पाडताना तो दोन दिवस अडला, कारण वरचे दोन हात बाहेर एका उंचीवर दिसले पाहिजेत आणि आत खोडात मात्र एकमेकांच्या वरखालून गेले पाहिजेत. शेवटी त्याने पुठ्ठ्याचा नमुना कापून बघितला तेव्हा जुळलं. हात भोकांत जरा सैल ठेवलेत, म्हणून फटका बसला की खट् असा आवाज येतो. पूर्वी चीनमध्ये हा खांब जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या इमारतींत ते शक्य नव्हतं, म्हणून आडव्या पट्ट्यांवर टांगायची रीत पडली. आमच्याकडे जमीन आहे, पण वाळवीही आहे, तेव्हा आम्हीही टांगलाच.

त्यावर इप मानांच्या परंपरेतल्या ११६ हालचाली आहेत. पहिल्या वर्षी एका हौशी मुलाला, त्याच्या घरच्यांनी आग्रह धरला म्हणून, मी तिसऱ्याच महिन्यात पुतळ्यासमोर उभं केलं. त्याला लाकडावर नुसतं आपटायचं माहीत. मनगट सुजलं, महिनाभर दप्तर दुसऱ्या हाताने उचललं पोराने. चूक माझी होती. त्यानंतर कुणाच्याही घाईला मी मान दिलेला नाही. दोन मुलं त्यामुळे सोडून गेली, जिथे तीन महिन्यांत रंगीत पट्टा मिळतो तिथे. पट्ट्यांची पद्धत मुळात जपानी ज्युदोतली. आमच्याकडे पट्टा नाही.

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे म्हणालात. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला पाठवा, सैल कपडे घालून, पोट रिकामं ठेवून. गणपतीपर्यंत ती फक्त उभं राहायला आणि एक हात पुढे न्यायला शिकेल. गणपतीला तुम्ही याल तेव्हा तिला मनगट पुढे करायला सांगा आणि त्याला आपलं मनगट लावून जरासं ढकलून बघा.