आमची वाटचाल : दोन पायांचा हिशेब

आमच्याकडे आधी आला तो सेकंड हँड लेझर डॉपलर, म्हणजे कातडीखालचा रक्तप्रवाह मोजणारं यंत्र; अर्क-औषधं उंदरांवर तपासून देणाऱ्या आमच्या कंपनीची नोंदणी नंतर झाली. भागीदार पशुवैद्य. उंदराच्या मांडीतली, पायाला रक्त पुरवणारी फिमोरल धमनी सुटी करून रेशमी धाग्याने बांधायची, हे काम त्याचंच. शेजारची नीला म्हणजे कांद्याचा पापुद्रा, चिमट्याचं टोक लागलं तरी फाटते. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली त्याचा हात चालताना बघत राहावं असा. मग औषधाने रक्त परत येतं का हे बघायला बांधलेल्या पायाचा रक्तप्रवाह भागिले चांगल्या पायाचा, एवढाच आमचा हिशेब. केस काढायचे, पॅड ३७ अंशांवर, भूल दर वेळी तेवढीच. जनावर जरा गार पडलं की आकडा घसरतो, मग औषधाला दोष द्या नाहीतर श्रेय द्या, दोन्ही खोटंच.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एक बडी सप्लिमेंट कंपनी आली. पानांचा अर्क, ‘पायांचं रक्ताभिसरण सुधारतं’ हा दावा आधीच ठरलेला. एका गटाला सीएमसीत (औषध कालवायचं, स्वतःचा गुण नसलेलं द्रावण) कालवलेला अर्क, दुसऱ्याला, म्हणजे तुलनेच्या कंट्रोल गटाला, नुसतं सीएमसी. महिनाभरात दोन्ही गटांचे पाय सारखेच सुधारले. सुधारणारच! आम्ही वापरलेले ब्लॅक-सिक्स जातीचे उंदीर बांधलेल्या धमनीला वळसा घालून नव्या वाटा स्वतःच तयार करतात. कंपनीचं म्हणणं, कंट्रोलचा गट अहवालातून काढा. आम्ही नाही म्हटलं.

काम दुसऱ्या लॅबकडे गेलं. त्यांनी ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन रंगीत चित्रं दिली, निळा पाय (रक्त कमी) आणि लाल पाय (रक्त जास्त). कंट्रोल नाही, शरीराच्या तापमानाची नोंद नाही. चित्रं माहितीपत्रकावर झळकली आणि आमचे गिऱ्हाईकही तिकडे वळले. ‘तुमच्याकडे निकाल येत नाहीत’ असं तोंडावर ऐकवून. पगार थकले, पिंजरे रिकामे पडले. भागीदार बाहेर पडला. त्याला बोल लावत नाही, संसार त्यालाही होता. पण त्या लॅबवाल्यांना धमनी बांधायला शिकवलं होतं ते त्यानेच, हे मात्र अजून सलतं.

तगलो ते दादांमुळे. दादा छोटे अर्कवाले. त्यांचा पहिला अर्क आमच्याकडेच नापास झाला होता, तरी दुसरा घेऊन आले आणि पैसे आगाऊ ठेवले. या वेळी बाल्ब-सी जातीचे उंदीर घेतले, त्यांचा पाय आपोआप फारसा भरून येत नाही. कुठला पिंजरा कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत नाही. स्नायूच्या कापांवर सीडी-३१ चा, म्हणजे रक्तवाहिन्यांचं अस्तर दाखवणारा, रंग देऊन केशवाहिन्या मोजल्या. फरक निघाला. मोठा नव्हता, पण होता. दादा अहवाल दोनदा वाचून म्हणाले, “लहान आहे म्हणजे खरा असेल.”

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. अर्काच्या प्रत्येक बॅचचा एचपीटीएलसी आलेख मागा, अर्कात कोणकोणते घटक आहेत ते त्यात दिसतं. पाला बदलला की औषध बदललं. आणि डोसचा हिशेब आधी करा. रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) किलोमागे २०० मिलिग्रॅम म्हणजे ६.२ ने, रॅटवरून माणसाचा डोस काढायच्या ठरलेल्या आकड्याने, भागून माणसाला किलोमागे सुमारे ३२, साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम रोज. एवढ्या कॅप्सूल कोण गिळणार, हे उंदीर मागवण्याआधी विचारावं. विनाकारण जनावरं कशाला मारायची?

त्या बड्या कंपनीचं शेवटचं बिल अजून यायचंय. दर वर्षअखेरीला स्मरणपत्र जातं, सोबत कंट्रोलच्या गटाचे आकडेही जोडतो.