मृत्युपत्र आणि यादी

आज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं १७९९चं मृत्युपत्र आणि त्याच वर्षीची माउंट व्हर्नन या त्याच्या इस्टेटीवरच्या गुलामांची यादी शेजारी-शेजारी ठेवून वाचली. ‘त्याने गुलाम मुक्त केले’ हे वाक्य तिथेच लंगडं पडतं. यादीत ३१७ माणसं. त्याच्या मालकीची १२३. १५३ जण त्याच्या बायकोच्या, मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या इस्टेटीतले; त्यांना सोडायचा हक्क दोघांनाही नव्हता. एखाद्या गुलाम जोडप्यातला नवरा वॉशिंग्टनच्या रकान्यात, बायको कस्टिसच्या. १ जानेवारी १८०१ला तो सुटला, ती आणि पोरं अडकली (मूल आईच्या मालकाचं, असा कायदा). मृत्युपत्रात लगेच मुक्ती फक्त विल्यम ली या त्याच्या खासगी सेवकाला, वर्षाला ३० डॉलरसह.

मला जास्त बोचलं ते फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया राज्यातली तेव्हाची राजधानी. तिथे सहा महिने राहिलेला गुलाम स्वातंत्र्य मागू शकायचा, म्हणून राष्ट्राध्यक्षसाहेब मुदत भरायच्या आत आपल्या गुलामांना गुपचूप राज्याबाहेर फिरवून आणवत.