बाणेरच्या पानावरचं पुनावळे

२०२३च्या ऑगस्टमधला शनिवार. पाऊस लागून राहिला होता. साईट ऑफिसला माणसं कमी होती म्हणून मला त्या दिवशी पुण्याजवळच्या पुनावळ्याला बसवलं होतं. एरवी माझं काम ऑफिसात, लॅपटॉपवर. एका बिल्डरच्या वेबसाईटचा मजकूर मी लिहायचे, गुगलवर वर येईल असा.

प्रकल्प एकच, पुनावळ्यातला. पण वेबसाईटवर पानं सतरा. वाकडमध्ये टू बीएचके, बालेवाडीत टू बीएचके, बाणेरमध्ये टू बीएचके. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. लोक बाणेर शोधतात, पुनावळे त्या मानाने कमी, एवढंच त्यामागचं गणित. बाणेरचं पान माझ्या हातचं होतं. शीर्षकात बाणेर, पहिल्या ओळीत बाणेर, फोटोंच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही, म्हणजे गुगलला वाचता यावं म्हणून फोटोमागे लिहितात त्या वर्णनातही, बाणेर. ‘जवळ’ हा शब्द यायचा चौथ्या परिच्छेदात.

दुपारी एकच्या सुमाराला तिघं आत आली. साठी ओलांडलेले काका, काकू आणि त्यांची मुलगी. गुडघ्यापर्यंत भिजलेली. पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये पाणी साचलं होतं, रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं होतं. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. माझंच पान, कराडच्या सायबर कॅफेत छापलेलं. ‘बाणेरमध्ये’ या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा.

“ताई, बाणेरला दोन तास फिरलो आम्ही. कुणाला हे नावच माहीत नाही.”

मुलीला बाणेरला नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. हडपसरला मावशीकडे राहून रोज ये-जा करत होती. ऑफिसजवळ घर मिळालं तर पोरीची दगदग वाचेल, म्हणून ही माणसं पहाटेच्या एसटीने निघाली होती. शेवटी त्या मुलीनेच कागदाच्या तळाशी असलेला क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन केला. त्याच महिन्यापासून महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, जाहिरातीत तो सक्तीचा केला होता. महारेराच्या नोंदीत गावाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं : पुनावळे.

म्हणजे खरं काय ते माझ्याच पानावर होतं, पण सगळ्यात खाली, तेही सरकारने ठेवायला लावलं म्हणून.

काका चिडले नाहीत. “तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो,” ते म्हणाले. “बाणेरचं तिकीट फाडून माणसाला पुनावळ्यात उतरवलं असतं, तर मला मेमो मिळाला असता.”

मला काय बोलावं सुचेना. “काका, हे पान मीच लिहिलंय,” एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, “बस जरा. आलोच आहोत तर माहिती घेऊ.”

मग चहा झाला आणि त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती? त्यात बाल्कनी धरली का? (रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात.) ताबा कधी, आणि रेरावर तीच तारीख आहे का? पाणी नळाचं की टँकरचं? सगळं मिळून किती पडणार? मी त्याच कागदाच्या मागे हिशोब मांडला. घर ५० लाखांचं धरलं, तर बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. एकूण ५६ लाख ३० हजार. घर एकट्या मुलीच्या नावावर घेतलं तर महिलांसाठीच्या सवलतीने मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, ५० हजार वाचतात. मुलगी एकदम पुढे सरकली. “हे कुठंच लिहिलेलं नव्हतं,” ती म्हणाली. आमच्या सतरा पानांत खरंच कुठे नव्हतं. पाण्याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

त्यांनी घर घेतलं नाही. बाणेरहून पुनावळे म्हणजे मध्ये मुळा नदी, वाकड, ताथवडे आणि हायवेची गर्दी. पोरीची दगदग होती तिथेच राहिली असती.

रात्री मी सर्च कन्सोल उघडून बसले; लोक काय शोधून आपल्या पानावर येतात ते गुगल तिथे दाखवतं. बाणेरचं पान शोधात दिसत होतं, क्लिकही होत होते, पण त्यातून फोन जवळजवळ नव्हते. पुनावळ्याचं पान दुर्लक्षित पडलेलं, आणि त्याच्याखाली लोकांनी टाइप केलेले शब्द : पुनावळे पाणी प्रश्न, टू बीएचके कार्पेट किती, रेरा नंबर कसा तपासायचा. काकांचेच प्रश्न.

सोमवारी साहेबांसमोर दोन गोष्टी ठेवल्या. नाव बदलून केलेल्या अशा पानांना गुगल डोअरवे म्हणतं, ती त्यांच्या नियमांत बसत नाहीत आणि सापडली तर सगळी वेबसाईट खाली जाऊ शकते. दुसरी, रेराचं कलम १२ : जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेला ग्राहक व्याजासकट पैसे परत मागू शकतो. पहिल्या मुद्द्यावर साहेब वाद घालत होते, दुसऱ्यावर गप्प झाले. सोळा पानं काढून पुनावळ्याच्या एका पानाकडे वळवायची परवानगी मिळाली.

ते पान लिहायला मला दहा दिवस लागले. शीर्षकात पुनावळे, त्याखाली खोलीगणिक कार्पेट, ताब्याची रेरावरची तारीख, पूर्ण खर्चाचा हिशोब. पावसाळ्यात अंडरपास तुंबतो आणि तेव्हा कुठून वळसा घ्यावा लागतो, तेही लिहिलं. पाण्यासाठी शेजारच्या राहत्या सोसायटीत गेले. वॉचमनने टँकरच्या नोंदीची वही दाखवली. उन्हाळ्याचे महिने पानंच्या पानं भरलेले होते.

‘टँकर’ हा शब्द सेल्सच्या माणसांना नको होता. त्यावर तीन बैठका झाल्या. तो पानावर राहिला, आणि दर मे महिन्यात मी ती वही बघायला जाते.